देवी येऊन गेलेले हात

केळीचं पान बघितलं की लोकांना पंगत आठवते. मला माझी पाठ आठवते. एक अख्खा हिवाळा मी केळीच्या पानांवर निजून काढला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, कातडीच्या वॉर्डात, अगदी कोपऱ्यातल्या खाटेवर. चादर अंगाला चिकटायची आणि ओढली की चादरीबरोबर कातडं निघून यायचं, म्हणून पानं. पान चिकटत नाही. पण थंडीत ते असलं गार लागतं की पहिल्यांदा पाठ टेकली तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना शिवी हासडली होती. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

आम्ही धनगर. माझं माहेर आणि सासर दोन्ही फर्दापूरच्या अंगाला, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. सासू म्हणजे माझ्या बापाची सख्खी बहीण, म्हणून लग्नाआधीही आत्या आणि लग्नानंतरही आत्याच. फरक इतकाच की आधी मी तिला अगं-तुगं करायचे, माप ओलांडल्यावर तुम्ही म्हणायला लागले. नवऱ्याला मेंढरांमागं फिरायचा कंटाळा होता. तेव्हा शहराच्या कडेनं नुसत्या कंपन्या उगवत होत्या आणि गावोगावची पोरं काठ्या टाकून तिकडं पळत होती. हाही पळाला. वाळूजला एका कंपनीत रंगाच्या खात्यात लागला, पत्र्याची खोली घेतली आणि मला घेऊन आला. मूलबाळ झालं नाही. काही वर्षांनी तो खोकून खोकून काडीसारखा वाळला आणि गेला. टीबी झाला होता म्हणाले. मी म्हटलं, असेल.

तो गेला आणि वर्षाच्या आत माझं तोंड आलं. तोंड कोणाचं येत नाही? चार दिवस येतं, जातं. माझं जाईचना. मिरची तर सोडाच, कोमट पाणीसुद्धा घसा जाळत उतरायचं. मी भाकर दुधात कुस्करून गिळायचे आणि शेजारणी म्हणायच्या, एकट्या जीवाला दूधभाकर, मजा आहे. मग एक दिवस छातीवर फोड आला. पाण्यानं भरलेला, सैल, पिकल्या द्राक्षासारखा. फुटला आणि खाली लालभडक मांस उघडं पडलं. ते भरून येईना तोवर पाठीवर दोन, काखेत, डोक्यात केसांच्या आत. लुगडं अंगाला चिकटून बसायला लागलं. घरमालकिणीनं उंबऱ्याच्या बाहेरून, नाकाला पदर लावून सांगितलं की गावी जाऊन ये जरा. जरा म्हणजे काय ते मला कळलं. एसटीत माझ्या शेजारचा माणूस पुढच्या थांब्यावर उठला आणि फर्दापूर येईपर्यंत उभा राहिला.

सासऱ्यानं मला लांबूनच बघितलं. मेंढीकडं बघतात तसं, मान वाकडी करून, डोळे बारीक करून. म्हणाला, "देवी हाय."

आता शिकलेली माणसं हसतील. देवीचा रोग जगातून गेला त्याला तेव्हाही बरीच वर्षं झाली होती. पण आमच्या मेंढरांतून तो गेलेला नव्हता. मेंढीला देवी येते, तोंडात, कासेवर, पोटाखाली फोड येतात, आणि बघता बघता मेंढरांचा वाडाच्या वाडा बसतो. म्हणून आमच्यात रीत अशी की फोड दिसला की मेंढी बाजूला काढायची, लांब काट्याचं कुंपण करून ठेवायची, औषधपाणी काही करायचं नाही, आणि तिच्याजवळ कोणी जायचं तर ज्याला देवी येऊन गेलीय त्यानंच. ज्याला येऊन गेली त्याला ती पुन्हा येत नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. सासऱ्यानं मला मेंढी केलं. रानातल्या छपरात माझं अंथरूण गेलं आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण आलं. माणसासाठी कुंपण घालायला काय गरज होती, मी काय चरायला जाणार होते?

आत्या लहानपणी देवीतून वाचलेली. तिचं तोंड पाहिलेलं माणूस ते विसरायचं नाही, गालावर, नाकावर, पार पापण्यांपर्यंत व्रण. लग्नाआधी तिला दाखवली नव्हती म्हणे, सरळ बोहल्यावरच आणली. त्या चेहऱ्यापायी तिनं जन्मभर लोकांचं ऐकून घेतलं. त्या दिवशी मात्र ती जवळजवळ ऐटीत कुंपणाच्या आत आली. म्हणाली, "सरक. मला काय व्हत नाय. मला येऊन गेल्यात." आणि तिनं माझ्या कपाळाला हात लावला.

किती दिवसांनी मला कोणीतरी हात लावला होता म्हणून सांगू. मी रडले. ती म्हणाली, रडू नको, खारं पाणी तोंडातल्या फोडांना झोंबंल.

जखमांना वास यायला लागला तसा सासरा घाबरला. माझ्यासाठी नाही. मेंढरांसाठी. कुंपण लांब होतं, पण वारा कुठून कुठं वाहतो ते त्याला चांगलं ठाऊक. "हिला शहरात दवाखान्यात नेऊन टाक," तो आत्याला म्हणाला, "मेंढरं वाचली पायजेत." मला त्याचा राग आजही आहे. पण त्याच्या मेंढरांपायी मी दवाखान्यात पोचले हेही खरं, त्याला माझा इलाज नाही.

दवाखान्यात माझ्या कातडीचा एक तुकडा कापून तपासायला पाठवला, रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नाकात चमकी होती, आणि बोलताना पेशंटच्या तोंडाकडं बघायच्या. त्यांनी हातमोजा घातलेलं बोट माझ्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर ठेवून किंचित दाबून सरकवलं तर वरचं कातडं भिजलेल्या कागदासारखं सरकलं. त्यांनी मान हलवली. काही दिवसांनी आत्या बाहेर गेलेली बघून माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या आणि दोन रोग सांगितले.

पहिल्याचं नाव पेम्फिगस. ते मी तेव्हा दहादा म्हणून पाठ केलं. अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते ती बिथरते आणि आपल्याच कातडीवर उठते, कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारा चिकटा तोडते, मग फोड. हा कोणाचा कोणाला होत नाही, जन्मात नाही. दुसरा रक्तातला. एचआयव्ही. तो उलटा, तो ती फौजच मारत जातो. नवऱ्याच्या टीबीमागंही बहुधा तोच असणार. मी विचारलं, फौज मरू लागलीय तर मग माझ्यावर उठायला शिल्लक कोण आहे? त्या म्हणाल्या, "चांगलं विचारलंत. कधीकधी असं होतं. थोडी मरते, उरलेली बिथरते. का, ते आम्हालाही नीट माहीत नाही."

मला ते आमच्या वाड्यावरच्या कुत्र्यांसारखं वाटलं. लांडग्यानं निम्मी कुत्री फाडली आणि उरलेली पिसाळून मेंढरांनाच चावत सुटली. फोड थांबवायचे तर कुत्र्यांना झोडपायला हवं, त्याची गोळी होती. पण जास्त झोडपली तर ती मरतील आणि लांडग्याला रान मोकळं. म्हणून गोळी मोजून मापून. रक्तातल्या रोगावर म्हणून असं औषध तेव्हा आमच्यासारख्यांच्या हाती नव्हतंच. बाईंनी एवढं मात्र पुन्हा पुन्हा सांगितलं, हात लावून, जेवू घालून, शेजारी बसून यातला एकही रोग होत नाही. उघड्या जखमेला हात लावताना हातमोजे घाला, बस.

हे त्या सांगत होत्या आणि खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली सिस्टर हळूच एक पाऊल मागं सरकली. तेव्हा नवा रोग होता, माणसं घाबरलेली होती. मी तिला दोष देत नाही. पण दिसायचं ते दिसलं.

आत्याला मी काही सांगितलं नाही. तिच्या लेखी मला देवी आली होती आणि तिला येऊन गेली होती, म्हणजे सगळं ठीक. ती रोज सकाळी शहागंजच्या बाजारातून पानं आणायची. नळाखाली धुवायची, पदरानं पुसायची, शिरेची बाजू खाली करून अंथरायची, वर खोबरेल चोळायची. मग मला उचलायची. कुठं धरायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, जिथं जिथं कातडं धड होतं तिथंच. तिचे हात म्हणजे काय सांगू, रापलेले, भेगाळलेले, लोकरीचा वास मुरलेला, आणि कधी म्हणून न थरथरणारे. हातमोजे दिले तर म्हणाली, पिशव्या घालून का कोणी माणसाला धरतं? वॉर्डात बाकी सगळे माझ्याशी लांबून बोलायचे, बोलायचेच तर. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं खाट बदलून घेतली. दिवसभरात माझ्या अंगाला माणसाचा स्पर्श व्हायचा तो फक्त आत्याचा. मी सकाळ व्हायची वाट बघायचे, त्या गार पानांसकट.

आणि हीच बाई माझ्या गोळ्या मोरीत टाकत होती.

माझ्या बोटांना पट्ट्या होत्या, तोंड सगळं सोललेलं. गोळी कुटून भाताच्या पेजेत मिसळून भरवायची, आणि ते काम आत्याकडं. सिस्टर गोळ्या तिच्या हातात द्यायची. एकदा पेजेला कडवटपणा नाही हे माझ्या लक्षात आलं. विचारलं तर तिनं लपवलंही नाही. "देवी अंगात आसताना औषध चालत नाय. ती खवळती, आन मग राखणाऱ्यावर उलटती. तू गोळी खाल्ली तर मला तुज्या खाटंला हात लावता यायचा नाय, बाई."

म्हणजे बघा माझी कशी कोंडी झाली. गोळी हवी तर हात जाणार. हात हवा तर गोळी जाणार. मी काय केलं? मी बिनगोळीची पेज मुकाट गिळली. कोणाला नावं ठेवायची असतील त्यानं महिनाभर कोणी शिवत नाही अशा खाटेवर निजून बघावं आणि मग बोलावं.

पण फोड थांबेनात. मांड्यांवर आले, पापणीच्या कडेला आले. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. म्हणाल्या, "एवढ्या गोळ्या चालू असून हे वाढतंय म्हणजे डोस बराच वाढवावा लागेल. आणि तुमच्या बाबतीत मला त्याचीच भीती आहे. नाही वाढवला तर कातडी जाईल, वाढवला तर साधा खोकलासुद्धा तुम्हाला घेऊन जाईल." त्या निघून गेल्या आणि मी छताकडं बघत पडले. पोटात गोळी जातच नव्हती हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी आत्याला बोलावून सगळं समजावलं असतं, दोन्ही रोग, नावासकट. कसंही केलं तरी तिला कळणारच. मग म्हटलं, परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. मरायचं नव्हतं मला. एवढं होऊनही मरायचं नव्हतं, याचं माझं मलाच नवल वाटलं.

दुपारी ती पेज घेऊन बसली तेव्हा म्हटलं, "आत्या, ही देवी नाय."

"खा गप."

"नाय, ऐका." मी कातडीचा रोग सांगितला, तो कोणाला लागत नाही हे सांगितलं. ती पेज ढवळत राहिली. मग रक्तातला सांगितला.

चमचा थांबला. "त्ये रेडिओवर सांगत्यात त्ये?"

"व्हय."

"माझ्या लेकाला त्येच झालं व्हतं?"

"व्हय."

"आन तुला त्याच्यापून?"

"मग काय वाऱ्यानं?" मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, तोंड सोललेलं असतानाही.

आत्यानं वाटी खाली ठेवली. आपले दोन्ही तळहात वर करून बघितले. भेगा होत्या त्यांत, एक-दोन तर रक्ताळलेल्या. इतके दिवस त्याच हातांनी तिनं माझं पू-पाणी पुसलं होतं. मी म्हटलं, हात लावून होत नाही, बाईंनी सांगितलंय, एवढ्यानं नाही होत. ती उठली, व्हरांड्याच्या टोकाच्या नळावर गेली आणि किती तरी वेळ हात धूत बसली. मला खाटेवरून पाणी पडल्याचा आवाज येत होता. परत आली ती खाटेशी नाही, भिंतीशी बसली.

सकाळी डोळे उघडले तर भिंतीशी कोणी नव्हतं. तिचं गाठोडंही नव्हतं.

त्या दिवशी शहर बंद होतं. विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा वातावरण असं तापलेलं की नाव देणार म्हणून एकीकडं आनंद, देऊ नये म्हणून दुसरीकडं राग, आणि मधे पोलिसांच्या गाड्या. वॉर्डातसुद्धा खाटांखाटांत दोन तट होते. खिडकीतून एरवी रिक्षांचा, एसटीचा, कंपन्यांच्या बसचा आवाज यायचा. त्या दिवशी काहीच नाही, लांब कुठंतरी घोषणा उठायच्या आणि विरायच्या. अर्धा दवाखाना कामावर आला नव्हता.

कालची पानं वाळून कडक झाली होती, कडा टोचायला लागल्या. मी हलले की खाली करकर वाजायचं. दार उघडलं की वाटायचं आत्या, आणि असायची दुसरीच कोणीतरी. दुपारपर्यंत मी दाराकडं बघणं सोडलं. गेली. जायचीच. लेक गेला, आता लेकाचं असलं बाहेर आलं, आणि हातांना भेगा. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते, असं मी स्वतःला समजावत होते आणि एक अक्षर पटत नव्हतं. मला तिचा इतका राग आला की रडूही येईना. एवढी एकटी मी नवरा गेला तेव्हाही नव्हते. तेव्हा निदान माणसं जवळ येऊन रडली होती.

दुपारी आमच्या वॉर्डाची आयामावशी आली. ती बौद्ध वस्तीतून गल्लीबोळांनी पायी आली होती, पांढरं पातळ, केसात पिना, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. म्हणाली, "अगं, पाणी दिलं का कोणी?" मी मानेनंच नाही म्हटलं. तिनं पेला भरला आणि माझ्या तोंडावर वरून धार धरायला हात उंच नेला. आणि तिथंच थांबली. पेला तसाच हवेत.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. माझ्या आजीला तुमच्याकडच्या गावात असंच पाणी घालायचे. वरून. ओंजळीत." तिनं माझ्याकडं बघितलं. "कसं लागतं गं, कोणी शिवंना झालं की?"

तिच्या बोलण्यात टोमणा होता. असणारच. आमच्या गावात कोणाला कुठं पाणी मिळायचं आणि कसं, ते मी लहानपणापासून बघितलं होतं आणि मला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "लई वाईट लागतं, मावशी."

ती हसली नाही. पेला खाली आणला आणि सरळ माझ्या ओठांना लावला. "हळू पी," म्हणाली. मग तिला पुढच्या वॉर्डातून हाक आली आणि ती गेली. बाकीचा दिवस मी आणि ती वाळकी पानं.

उन्हं खिडकीतून निघून गेली तेव्हा दारात आधी हिरवं काहीतरी दिसलं. केळीच्या पानांचा भारा, आणि त्याच्याखाली आत्या. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. भारा तिनं भिंतीशी टेकवला आणि तिथंच मटकन बसली.

"बाजार बंद हाय," ती म्हणाली. "हर्सूलहून आणली. तळ्याच्या अंगाला एकाचा मळा हाय. वाटंत पोलिसानं धरलं. म्हनं एवढी पानं कशाला, लगीन हाय का? मी म्हटलं, सुनंला निजवायला. त्यानं जाऊ दिलं मला."

मला हसू आलं आणि ओठ फाटला. हर्सूल म्हणजे आमच्या गावाकडच्या रस्त्यावर. तिकडं पानांसाठी कोणी जात नाही, पानं मिळायच्या जागा जवळ होत्या. आणि गाठोडं तिच्या काखेत होतं.

"आत्या, गावी निघाला होता ना?"

ती थोडा वेळ पाय चोळत बसली. "व्हय," म्हणाली. "हर्सूलपस्तोर चालत गेले. म्हटलं मोठ्या रस्त्याला एखादी तरी गाडी घावंल. जेलाच्या पुढं झाडाखाली दुपारपस्तोर बसले. एक गाडी नाय."

"आली असती तर?"

"गेले आसते," आत्या म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

तिनं पानं धुतली, पुसली, खाटेच्या कडेला ठेवली. मला हात लावला नाही. मीच कुशीवर वळून, दात आवळून, जुनी पानं काढली आणि नवी खाली सारली. ती भिंतीशी बसून बघत होती, हात मांडीत घट्ट धरून. मीही काही मागितलं नाही. माझ्यातही कमी ताठा नाही, शेवटी तिच्याच भावाची लेक.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण शेवट मला दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरच करायचा आहे. मी जगले. गोळ्या पोटात जायला लागल्यावर फोड हळूहळू थांबले, काळे डाग राहिले. त्या दुसऱ्या रोगावरची औषधं सरकारकडून फुकट मिळायला लागली तोवर मी कशी टिकले ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आता रोज घेते. विद्यापीठाला नाव मिळालं, वाळूजच्या रस्त्यावर आता रान म्हणून उरलेलं नाही, सासरा गेला, आत्याही गेली. मी एकटी राहते. हर्सूललाच खोली घेतली, का ते कोणी विचारत नाही. ताप आला की माझा मीच कपाळाला हात लावून बघते, आणि स्वतःच्या हातानं स्वतःचा ताप कळत नाही.

तर ती सकाळ. उजाडलं आणि खिडकीतून पहिल्यांदा कंपनीच्या बसचा हॉर्न आला. मग रिक्षा. मग एसटीचा तो घरघराट, मी झोपेतही ओळखीन असा. बंद सुटला होता. आत्या भिंतीशी जागीच होती. तिनं खिडकीकडं बघितलं. मग गाठोड्याकडं बघितलं. मी डोळे मिटून घेतले, कारण ती जाताना मला बघायची नव्हती.

वाटीत चमचा वाजला. डोळे उघडले तर ती स्टुलावर बसून गोळी कुटत होती. चमच्याच्या पाठीनं, बारीक पूड होईस्तोवर. ती पेजेत घातली, ढवळली. मग माझ्या मानेखाली हात घालायला पुढं झाली आणि मधेच थांबली. मला दिसलं, तिचा हात थरथरत होता. जन्मात कधी न थरथरलेला हात. देवीच्या भरवशावर तो इतके दिवस माझ्या अंगावर फिरला होता, आता त्याला कशाचा म्हणून भरवसा नव्हता.

बाहेर पुन्हा एसटी वाजली. मी म्हटलं, "आत्या, गाड्या चालू झाल्या. जा तू."

"कान हायेत मला," ती म्हणाली, आणि त्याच थरथरत्या हातानं तिनं माझी मान उचलली.